'काकांना म्हण' आणि 'काकांना सांग': 'से' आणि 'टेल' यांतला फरक

बँक भरतीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या एका तरुणाचा हा प्रश्न आहे. क्लासमध्ये त्याला 'से म्हणजे म्हणणे, टेल म्हणजे सांगणे' एवढं एका ओळीत शिकवलं. त्यानं ते पाठ केलं, तरी सराव परीक्षेत त्याची तीन वाक्यं चुकली: 'ही सेड मी दॅट ही वॉज टायर्ड', 'ही टोल्ड दॅट ही वॉज टायर्ड' आणि 'शी सेड अ साँग'. मराठीत ही तिन्ही सरळ वाटतात, मग इंग्रजीत बिघडलं कुठे, असं तो विचारतो. शेवटी आणखी एक शंका आहे: बँकेत पैसे मोजून देणाऱ्याला 'टेलर' म्हणतात, त्याचा या 'टेल'शी काही संबंध आहे का?

मी सत्तावीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं. एवढ्या वर्षांत या तीन चुका मी किती वह्यांत लाल शाईने दुरुस्त केल्या असतील, मोजदाद नाही. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. तुमच्या शंकेत एक फार महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. तुमच्या क्लासमध्ये सांगितलेली ओळ खोटी नाही, ती अर्धीच सांगितली आहे. 'म्हणणे' आणि 'सांगणे' यांतला अर्थाचा फरक मराठी माणसाला आईच्या दुधाबरोबर मिळालेला असतो आणि तो इंग्रजीत बराच उपयोगी पडतो. घोळ होतो तो 'ला' या प्रत्ययामुळे.

आधी अर्थ बघू. दारात पाहुणे आलेत, त्यांनी तीन वर्षांच्या पोराच्या हातावर चॉकलेट ठेवलं. आई म्हणते, 'काकांना थँक्यू म्हण.' पोरानं म्हटलं. मग आई म्हणते, 'काकांना नाव सांग.' या दोन वाक्यांत आईनं क्रियापद बदललं, आणि तिला कुणी व्याकरण शिकवलेलं नाही. 'थँक्यू म्हण' यात तोंडातून नेमके तेच शब्द बाहेर पडायला हवेत. 'नाव सांग' यात काकांना ठाऊक नसलेली गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवी. मग पोरगं 'आर्यन' म्हणो, 'माझं नाव आर्यन' म्हणो, की लाजून बोबडं काहीतरी बोलो, काकांना नाव कळलं की काम झालं. इंग्रजीत हेच होतं: 'से थँक्यू', 'टेल अंकल युवर नेम'.

आता त्याच आईनं 'काकांना थँक्यू सांग' असं म्हटलं तर? लगेच अर्थ बदलतो. काका समोर नाहीत, निरोप पोहोचवायचाय. पूर्वी पत्राच्या शेवटी 'सर्वांना नमस्कार सांगा' असं लिहायचे, तोच हा 'सांग'. वर्गात मी याचसाठी एक इंग्रजी वाक्य फळ्यावर लिहायचो, कारण त्यात दोन्ही शब्द आपापल्या जागी बसलेले दिसतात: 'टेल हर आय सेड हॅलो'. तिला सांग, मी हॅलो म्हणालो. निरोप पोहोचवायला 'टेल', आणि मूळ उच्चारलेल्या शब्दाला 'से'.

त्या वाक्याखाली मी दोन चित्रं काढायचो. 'से'खाली एक तोंड. 'टेल'खाली एक तोंड आणि एक कान. चित्रकलेत मला गती नव्हती, तरी कान ओळखू येईल एवढा काढायचो, कारण सगळा धडा त्या कानात होता. 'से'ला तोंड पुरतं. माणूस एकटा खोलीत बसून काही 'से' करू शकतो. 'टेल'ला ऐकणारा लागतोच, आणि तो वाक्यात दिसावाही लागतो, क्रियापदाला अगदी चिकटून: 'टोल्ड मी', 'टोल्ड हिम', 'टोल्ड द मॅनेजर'.

आता तुमचं पहिलं वाक्य घेऊ. मराठीत 'तो मला म्हणाला' आणि 'त्यानं मला सांगितलं' या दोन्हींत 'मला' आहे, एकाच रूपात. मराठी ऐकणाऱ्याला 'ला' लावून मोकळी होते, क्रियापद कुठलं याची तिला पर्वा नाही. म्हणून 'टोल्ड मी' बरोबर येतं आणि त्याच सवयीनं 'सेड मी' तोंडातून निघतं. इंग्रजीत 'से'च्या पाठोपाठ माणूस थेट येत नाही, मधे 'टू' घालावा लागतो: 'सेड टू मी'. असं समजा की 'से'च्या घरात कानाला स्वतःची खोली नाही. त्याला यायचं तर 'टू'च्या दारातून यावं लागतं. तुमच्या वाक्यात 'ही सेड टू मी दॅट ही वॉज टायर्ड' केलंत तर व्याकरणाची चूक उरत नाही, फक्त वाक्य जड होतं. इंग्रजी बोलणारा अशा जागी सहज 'ही टोल्ड मी ही वॉज टायर्ड' म्हणेल.

याच 'ला'मुळे आणखी दोन शब्द बिघडतात, तेही इथेच सांगून टाकतो, कारण मुलाखतीत ते हमखास तोंडी येतात. 'मला समजावून सांगा' याचं 'एक्सप्लेन मी' होतं आणि 'मला सुचवा' याचं 'सजेस्ट मी'. हे दोन्ही 'से'च्या घरातले आहेत, त्यांनाही 'टू' लागतो: 'एक्सप्लेन इट टू मी'. उलट 'आस्क', 'इन्फॉर्म', 'रिमाइंड' हे 'टेल'च्या घरातले, त्यांना माणूस थेट चिकटतो.

दुसरं वाक्य, 'ही टोल्ड दॅट ही वॉज टायर्ड', यात कान गायब आहे. कुणाला सांगितलं? मराठीत 'त्यानं सांगितलं की तो दमलाय' हे पूर्ण वाक्य आहे. ऐकणारा संदर्भानं कळतो, म्हणून आपण तो सोडून देतो. इंग्रजीत 'टोल्ड'नंतर लगेच 'दॅट' आला की वाक्याला पायच राहत नाही. दोन मार्ग आहेत: ऐकणारा घाला, 'ही टोल्ड मी दॅट...', किंवा ऐकणाऱ्याची गरजच नसेल तर 'ही सेड दॅट...' करा.

ही चूक मुलांकडून व्हायला शाळेतला एक नियमही कारणीभूत आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. अप्रत्यक्ष कथन शिकवताना आम्ही सगळेच सांगत आलो: 'सेड टू'चं 'टोल्ड' करा. नियम चुकीचा नाही. पण परीक्षेच्या घाईत मुलाच्या डोक्यात तो 'सेडचं टोल्ड करा' एवढाच उरतो. मग 'ही सेड, आय ॲम टायर्ड' हे वाक्य आलं, ज्यात 'टू' नाहीच, तरी तो 'ही टोल्ड दॅट ही वॉज टायर्ड' लिहून मोकळा होतो. 'टू' नसेल तर 'सेड' तसाच ठेवायचा. 'टू' असेल तर 'सेड टू' ही जोडी मिळून 'टोल्ड' होते, आणि 'टू'नंतरचा माणूस जिथल्या तिथे राहतो. त्या 'टू'वर बोट ठेवा, मगच पेन उचला.

आज्ञा आणि सूचनांच्या वाक्यांत 'टेल'चंच राज्य आहे. 'डॉक्टरांनी पेशंटला उपाशीपोटी यायला सांगितलं' याचं 'द डॉक्टर टोल्ड द पेशंट टू कम ऑन ॲन एम्प्टी स्टमक'. इथे 'सेड द पेशंट' कधीच नाही. ऐकणारा सोडून 'द डॉक्टर सेड टू कम ऑन मंडे' असं बोलीभाषेत ऐकू येतं, त्यात चूकही नाही. पण परीक्षेत 'टोल्ड' आणि माणूस हा पक्का रस्ता.

मात्र एक जपा. मराठीत 'साहेबांना सही करायला सांगितली' हे आपण साधेपणानं बोलतो, त्यात उद्धटपणा नसतो. इंग्रजीत 'आय टोल्ड द मॅनेजर टू साइन' म्हटलं की तुम्ही मॅनेजरला हुकूम दिला असा सूर लागतो. तिथे 'आस्क्ड' वापरा: 'आय आस्क्ड द मॅनेजर टू साइन'. माझी एक जुनी विद्यार्थिनी एका कार्यालयात कामाला लागली. वरिष्ठांना काही काम करायला 'टोल्ड' असं तिनं एका पत्रात लिहिलं आणि तिला बोलणी खावी लागली. व्याकरण तिचं शंभर टक्के बरोबर होतं. तिनं मला फोन करून विचारलं, 'सर, चुकलं काय?' तेव्हा माझ्या लक्षात आलं की 'टेल'ची ही अधिकाराची धार मी तिच्या वर्गाला कधी शिकवलीच नव्हती. पुढे दरवर्षी शिकवली.

आता कर्मणी प्रयोग. इथे दोन्ही शब्दांचा स्वभाव अगदी उघडा पडतो. 'टेल'ला माणूस थेट चिकटतो, म्हणून तो माणूस वाक्याचा कर्ता होऊ शकतो: 'आय वॉज टोल्ड', म्हणजे मला सांगण्यात आलं. 'आय वॉज सेड' होत नाही. 'से'चा कर्मणी प्रयोग निराळा, तो कुणाच्या तरी बोलण्याबद्दल असतो: 'इट इज सेड दॅट...', असं म्हणतात की... आणि 'ही इज सेड टू बी रिच' याला मराठीत किती सुंदर छोटा शब्द आहे बघा: 'तो श्रीमंत आहे म्हणे.' आपलं 'म्हणे' म्हणजे इंग्रजीतलं हे अख्खं 'इज सेड टू'. याच्या शेजारी 'ही वॉज टोल्ड टू बी रेडी' ठेवा: त्याला तयार राहायला सांगितलं होतं. पहिल्या वाक्यात लोक त्याच्याविषयी बोलतायत, दुसऱ्यात कुणीतरी त्याच्याशी बोललंय. परीक्षेत ही जोडी फार आवडीनं विचारतात.

'म्हणे' निघालंच आहे तर: 'तुका म्हणे' याचं इंग्रजी 'सेज तुका' असंच होतं. 'टेल्स तुका' होऊच शकत नाही. कारण अभंगाच्या शेवटी येणारी ही खूण पुढचे-मागचे शब्द कुणाचे आहेत ते सांगते, आणि शब्द ज्याचे त्याला 'से'. शिवाय 'सेज तुका', 'सेड द ओल्ड मॅन' अशी कर्ता मागे टाकण्याची मुभा इंग्रजीत 'से'ला आहे, 'टेल'ला नाही.

मराठी इथपर्यंत तुम्हाला उत्तम साथ देते. 'अ सेइंग' म्हणजे म्हण, तिथेही दोन्ही भाषा बोलण्याच्याच धातूकडे वळल्या. 'दॅट इज टू से' म्हणजे 'म्हणजे'. 'से, फाइव्ह हंड्रेड रुपीज' म्हणजे 'पाचशे म्हणा ना'. लिहिलेल्या मजकुराला मात्र आपण 'म्हणणे' लावत नाही, 'लिहिलंय' म्हणतो. लग्नपत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा लिहिलाय, तर इंग्रजीत 'द इन्व्हिटेशन सेज १२:३५'. पाटी, घड्याळ, पावती, सगळ्यांना 'सेज' चालतं. आपली मुलं 'इट इज रिटन' लिहितात. चूक नाही, पण ओढून आणलेलं वाटतं.

साथ सुटते ती तुमच्या तिसऱ्या वाक्यात. 'शी सेड अ साँग.' मराठीत 'म्हणणे'चा पसारा मोठा आहे: गाणं म्हणणे, कविता म्हणणे, पाढे म्हणणे, आरती म्हणणे, प्रार्थना म्हणणे. पाठ असलेलं शब्दशः तोंडाने काढायचं ते सगळं 'म्हणणे'. यातलं 'प्रार्थना म्हणणे' तेवढं इंग्रजीत जसंच्या तसं आहे: 'से युवर प्रेअर्स'. गाण्याला 'सिंग', कवितेला आणि पाढ्यांना 'रिसाइट'. शाळेतल्या मुलाला हे समजावताना मी पाढ्यांवरून सुरुवात करायचो, कारण एकसुरात 'बे एके बे' म्हणताना त्याला स्वतःलाच कळायचं की आपण कुणाला काही सांगत नाही आहोत.

'सांगणे'चाही पसारा इंग्रजीत मावत नाही. टपरीवर बसून 'दोन चहा सांग' म्हणतो, त्याचं 'टेल टू टीज' नाही, 'ऑर्डर'. मुलीला स्थळ सांगून येतं, तिथेही 'टेल' नाही, 'प्रपोजल'. आणि उलट बाजूनं, आपण 'खरं सांगतो' पण 'खोटं बोलतो'. सांगणे म्हणजे पोहोचवणे, आणि खोट्यात पोहोचवण्यासारखं काही नसतं म्हणून मराठी तिथे 'बोलणे'कडे वळली असावी, असं मला नेहमी वाटतं. इंग्रजी तसा भेद करत नाही: 'टेल द ट्रूथ', 'टेल अ लाय'. इथे ऐकणारा सोडला तरी चालतं, 'टेल'च्या नियमाला असलेला हा अपवाद. गोष्ट, विनोद, भविष्य, किती वाजले, खरं, खोटं, गुपित यांच्यासोबत 'टेल' एकटा उभा राहतो. 'शी टोल्ड अ स्टोरी' पूर्ण वाक्य आहे. 'शी टोल्ड दॅट' नाही.

मुंबईकडच्या मुलांसाठी एक शब्द. तिकडे 'तो मला बोलला' हेच 'म्हणाला'च्या जागी चालतं, मग इंग्रजीत 'ही टॉक्ड मी' किंवा 'ही स्पोक मी' येतं. 'टॉक' आणि 'स्पीक' यांना बोलण्याची क्रिया दाखवायची असते, त्यांच्यानंतर 'दॅट' लावून काय बोलला ते लिहिता येत नाही. मनात 'बोलला'च्या जागी 'म्हणाला' किंवा 'सांगितलं' घालून बघा, इंग्रजी आपोआप सुधारेल.

एक गंमत मराठीचीच. भूतकाळात आपण 'तो म्हणाला' असं म्हणतो, पण 'सांगणे'ला 'त्यानं सांगितलं'. 'सांगणे' सकर्मक क्रियापदासारखं वागतं आणि कर्त्याला 'ने' लावायला लावतं. 'म्हणणे' मात्र 'आला', 'गेला' यांच्या रांगेत जाऊन उभं राहतं. नेमक्या म्हटलेल्या वस्तूवर भर आला की तेही बदलतं: 'तिनं गाणं म्हटलं.' म्हणजे हे दोन शब्द वेगळ्या ताकदीचे आहेत याची जाण मराठी व्याकरणालाही आहे, फक्त आपण ती 'ने'मध्ये दाखवतो आणि इंग्रजी 'टू'मध्ये.

राहिला बँकेतला टेलर. तुमची शंका अगदी बरोबर जागी आहे. जुन्या इंग्रजीतल्या ज्या धातूपासून 'टेल' आला, त्याचा अर्थ मोजणे असाही होता आणि हकिकत सांगणे असाही. डच भाषेत आजही 'टेलन' म्हणजे मोजणे. जर्मनमध्ये 'त्सेलन' म्हणजे मोजणे आणि त्यालाच उपसर्ग लावून 'एर्त्सेलन' म्हणजे गोष्ट सांगणे. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये देव अब्राहमला आकाशाकडे बघून 'टेल द स्टार्स' म्हणतो: तारे मोज, मोजता येत असतील तर. तोच अर्थ बँकेच्या काउंटरवर टिकून राहिला. एटीएममधला 'टी' हा हाच टेलर, आपोआप मोजून देणारा. 'ऑल टोल्ड' म्हणजे सगळे मिळून, मोजून. 'अनटोल्ड वेल्थ' म्हणजे न सांगितलेली संपत्ती नव्हे, अगणित संपत्ती. परीक्षेत हा शब्द आला तर इथे फसू नका.

मोजणं आणि सांगणं एका धातूत कसं, असं वाटेल. आपल्याकडेही तेच झालंय, आपण रोज ते शब्द वापरतो. संस्कृत 'ख्या' या धातूपासून 'आख्यान' आणि 'आख्यायिका' आले, सांगण्याचे शब्द. त्याच 'ख्या'ला 'सम्' लागून 'संख्या' आली. नववीच्या वर्गात मी फळ्यावर एका बाजूला 'आख्यान, संख्या' आणि दुसऱ्या बाजूला 'टेल, टेलर' लिहायचो. खडू खाली ठेवायच्या आत मागच्या बाकावरून कुणीतरी 'अरे!' म्हणायचं. एकामागून एक नीट मांडणं, हे दोन्हीकडे समान आहे: हकिकतीतले प्रसंग असोत की नोटा.

'टेल'चा आणखी एक अर्थ याच मोजण्याच्या आधारानं मुलांच्या लक्षात राहायचा: ओळखणे. 'हाउ कॅन यू टेल?' म्हणजे 'कसं ओळखलंत?' बाजारात देवगडचा हापूस आणि कर्नाटकातून आलेला आंबा शेजारी ठेवला तर जाणता माणूस वास घेऊन, साल बघून वेगळा काढतो, तिथे 'ही कॅन टेल देम अपार्ट'. मोजायचं तर आधी एकेक वेगळं ओळखावं लागतं, असं मी सांगायचो. 'से'ला हा अर्थ अजिबात नाही. 'टेल ऑफ' म्हणजे झापणे आणि 'टेल ऑन' म्हणजे चहाडी करणे, हे दोन्ही शाळकरी मुलांना शिकवावे लागत नाहीत, एकदाच सांगितले की पुरतात.

उच्चाराचं थोडं. 'सेज' लिहिताना मधे 'ए' आणि 'वाय' दिसतो म्हणून मुलं लांब 'सेऽज' म्हणतात, तसंच 'सेऽड'. दोन्हींचा उच्चार आखूड आहे, 'पेन'मधल्या 'पे'सारखा. आणि बँकेतला टेलर व कपडे शिवणारा टेलर देवनागरीत एकसारखेच लिहिले जातात, पण इंग्रजीत बँकेतल्याचा 'टे' आखूड, शिंप्याचा लांब. बँकेच्या मुलाखतीला जाताय, तेव्हा हा आखूड 'टे' दहा-वीस वेळा मोठ्यानं म्हणून ठेवा.